‘घरापर्यंत जाईल’ हा सल्ला नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कार्यालय सुटण्याच्या वेळी वाहनतळावर एखाद्या सहकाऱ्याच्या गाडीखाली हिरवट किंवा गुलाबी पाण्याचे थारोळे दिसले की चार माणसे जमतात, बॉनेट उघडले जाते, कोणीतरी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणतो आणि दीडदोन लिटर पाणी आत ओतून झाल्यावर ‘आता घरापर्यंत जाईल’ असा निर्वाळा देऊन मंडळी पांगतात. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. परंतु कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळत असलेल्या गाडीच्या बाबतीत हा निर्वाळा बहुतेक वेळा निराधार असतो, आणि तो चुकला तर त्याचा भुर्दंड सल्ला देणाऱ्याला नव्हे, तर स्टिअरिंगवर बसणाऱ्याला पडतो. सहकाऱ्याला अशा वेळी नेमकी कोणती मदत करावी आणि कोणती करू नये, याविषयी आपल्या वाचकांसमोर काही मुद्दे ठेवावेत असे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात कूलंट म्हणजे रंग घातलेले पाणी, हा समज आधी दूर व्हायला हवा. बहुतेक गाड्यांतील कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि धातूला गंज चढू न देणारी काही रसायने असतात. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते मिश्रण साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. त्यात रेडिएटरचे (तापलेले कूलंट हवेने थंड करणाऱ्या जाळीचे) किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण आतला दाब हवेच्या दाबापेक्षा सुमारे एक बारने वाढू देते, त्यामुळे उकळण्याचा बिंदू १२५ अंशांच्या पुढे सरकतो. म्हणजे ते झाकण नुसते झाकण नसून दाब राखणारी झडप आहे, आणि संपूर्ण शीतनयंत्रणा या दाबाच्या भरवशावर आखलेली असते. गळती सुरू झाली की द्रव कमी होतो हे सर्वांना दिसते, पण त्याच वेळी दाबही टिकत नाही आणि उरलेला द्रव लवकर उकळू लागतो, हे दिसत नाही. टाकी वरपर्यंत भरून दिली तरी गेलेला दाब काही भरून निघत नाही.

‘घरापर्यंत जाईल’ या अंदाजाचा खरा घात होतो तो इथे. उभ्या गाडीखाली दर मिनिटाला चार थेंब पडताना पाहून माणूस मनाशी हिशेब करतो की एवढ्या गतीने एक लिटर संपायला बराच वेळ लागेल. परंतु गाडी उभी असताना इंजिन थंड, पंप बंद आणि नळ्यांत दाब जवळजवळ शून्य असतो. तीच गाडी रस्त्याला लागून इंजिन तापले, की पंप द्रव जोराने ढकलू लागतो, रबरी नळी फुगते, तिची चीर रुंदावते आणि थेंबांच्या जागी चिळकांडी उडू लागते. थांबलेल्या गाडीची गळती पाहून चालत्या गाडीच्या गळतीचा अंदाज बांधताच येत नाही. काही गळती याच्या उलट स्वभावाची असते: ती थंड इंजिनात दिसते आणि धातू तापून प्रसरण पावला की तात्पुरती थांबते, त्यामुळे सकाळी थारोळे आणि संध्याकाळी कोरडी जमीन असा लपंडाव चालतो आणि मालकाला वाटते की दुखणे आपोआप बरे झाले.

तापमानाचा काटा पाहत जायला सांगणारेही पुष्कळ भेटतात. ‘काट्यावर लक्ष ठेवा, वर गेला तर थांबा’ हा सल्ला ऐकायला जबाबदार वाटतो, आणि यंत्रणा पूर्ण भरलेली असेल तर तो योग्यही आहे. पण तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली आणि तो वाफेत किंवा हवेत उघडा पडला की इंजिन भाजत असतानाही काटा मध्यावर राहू शकतो, क्वचित खालीही येतो. त्यातच अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरून हलतच नाही, आणि काही गाड्यांत तर काटाच नसून फक्त एक दिवा असतो. तो लाल होईपर्यंत ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकण्याची आणि हेड गॅस्केट, म्हणजे त्याच्या खालचे सील, जळण्याची वेळ आलेली असू शकते. जे काम एखादी नळी आणि तिची क्लिप बदलून भागले असते, ते मग इंजिन उघडण्यावर जाते.

मदतीला धावून जाणाऱ्याने पहिल्यांदा पाहायचे ते हे की गळते आहे ते कूलंटच आहे का. गाडीचा एसी चालू असेल तर बाष्पाचे साधे पाणी खाली टपकतच असते, आणि ते पाहून घाबरलेल्या माणसाला धीर देणे हीदेखील मदतच आहे. पांढरा कागद किंवा पुठ्ठ्याचा तुकडा थेंबाखाली धरावा. एसीचे पाणी रंगहीन आणि वासहीन असते, बोटांना साध्या पाण्यासारखेच लागते. कूलंटला रंग असतो, किंचित गोडसर वास असतो आणि दोन बोटांत चोळल्यास ते बुळबुळीत लागते. चोळून पाहिल्यावर हात मात्र साबणाने धुवावेत. काच धुण्याच्या द्रवालाही रंग असतो, पण त्याची टाकी वेगळी असते आणि ती रिकामी झाल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही. तेलकट, तपकिरी किंवा काळपट डाग असेल तर तो वेगळा विषय आहे.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाकणाची. जमलेल्या चौघांत सर्वांत उत्साही असलेला गृहस्थ बहुधा थेट रेडिएटरच्या झाकणालाच हात घालतो, आणि अशा वेळी त्याला अडवणे हे उरलेल्या तिघांचे कर्तव्य आहे. आतला द्रव १०० अंशांहून अधिक तापलेला असूनही केवळ दाबामुळे द्रवरूपात राहिलेला असतो. झाकण फिरताच दाब सुटतो, द्रवाची क्षणात वाफ होते आणि उकळते कूलंट हातावर, छातीवर आणि चेहऱ्यावर उसळते. इंजिन बंद केल्याबरोबर धोका टळतो असेही नाही. पंप थांबल्यामुळे धातूतील उष्णता जागच्या जागी राहते आणि द्रवाचे तापमान सुरुवातीला काही काळ उलट वाढते. म्हणून निदान अर्धा तास, आणि गाडी खूप तापली असेल तर तासभर थांबावे. त्यानंतर वरची जाड रबरी नळी कापडाने धरून हलकेच दाबून पाहावी. ती कडक लागली तर दाब अजून आहे, मऊ लागली तरच पुढे जावे, आणि तेव्हाही जाड कापड टाकून, चेहरा बाजूला ठेवून झाकण सावकाश थोडेसेच फिरवावे व फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत हात तिथेच रोखावा. रेडिएटरच्या पंख्यापासूनही बोटे, ओढणी, टाय आणि बाह्या दूर ठेवाव्यात, कारण अनेक गाड्यांत विजेवर चालणारा हा पंखा किल्ली काढल्यानंतरही आपोआप सुरू होतो. एवढे करूनही कोणाला भाजलेच, तर भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये, आणि चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर गाडी तिथेच सोडून आधी डॉक्टरांकडे जावे.

थांबण्याचा हा अर्धा तास वाया जात नाही, उलट निदानाच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगाचा असतो. आमच्या कार्यालयातील एका सहकारी बाईंच्या गाडीखाली असेच थारोळे आढळले, तेव्हा सुदैवाने पाणी ओतण्याची घाई कोणी केली नाही. गाडीखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवला आणि थेंब कुठे पडतात ते पाहिले. ते रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्याशी पडत होते. मोबाइलचा टॉर्च त्या बाजूने धरल्यावर खालच्या नळीच्या तोंडाशी, धातूच्या क्लिपच्या खालच्या कडेला लोंबकळणारा एक हिरवा थेंब दिसला, आणि क्लिपभोवती पांढरट-हिरवा, मिठाच्या खारासारखा सुकलेला थर दिसला. थेंबापेक्षा तो थर अधिक बोलका होता. कूलंटमधील पाणी उडून गेल्यावर मागे राहणारा असा थर एका दिवसात जमत नाही. विचारल्यावर बाई म्हणाल्या, “मी मध्येमध्ये टाकीत पाणी घालत होते, पण गाडी जुनी झाली की एवढं होतच असेल असं मला वाटलं.” वास्तविक बंद यंत्रणेतील कूलंट सहसा कमी होत नाही. टाकीवरील ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांमधली पातळी वारंवार खाली जात असेल, तर गाडीचे वय काहीही असले तरी कूलंट कुठून तरी जाते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या सुकलेल्या थराचे आणि थेंबाच्या जागेचे फोटो काढून घेतले आणि ते गॅरेजला पाठवले. गाडी टोइंगच्या वाहनावरून गेली, बाई एका सहकाऱ्याच्या गाडीतून घरी गेल्या. गॅरेजमध्ये नळी आणि क्लिप बदलल्यावर मेकॅनिकने प्रेशर टेस्ट केली, तेव्हा वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातूनही बारीक पाझर निघाला. पंपाला हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, आतले सील झिजू लागले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावे आणि मालकाला इशारा मिळावा, एवढ्यासाठीच. नळी बदलून गाडी तशीच परत मिळाली असती तर काही दिवसांनी तेच थारोळे पुन्हा दिसले असते आणि दोष नव्या नळीवर गेला असता.

ही प्रेशर टेस्ट म्हणजे फार मोठे तंत्रज्ञान नाही. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरतात आणि त्यावरील काटा काही मिनिटे स्थिर राहतो का ते पाहतात. काटा उतरू लागला तर गळती आहे, आणि आता इंजिन थंड असल्यामुळे ती जवळ जाऊन शोधता येते. झाकणाचीही अशीच चाचणी होते, आणि ती व्हायला हवी, कारण झाकणाचे रबर कडक झाले असेल तर बाकी सर्व ठीक असूनही कूलंट उसळून बाहेर जाऊ शकते. म्हणून सहकाऱ्याने गॅरेजला फोन करताना ‘कूलंट भरून द्या’ असे न सांगता ‘प्रेशर टेस्ट करून गळती कुठे आहे ते सांगा’ असे सांगावे, हे त्याला सुचवणे दोन लिटर पाण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

काही वेळा जमिनीवर एकही थेंब नसतो आणि तरीही टाकी रिकामी होत जाते. अशा वेळी सहकाऱ्याला दोनचार साधे प्रश्न विचारावेत. गाडीत बसल्यावर गोडसर वास येतो का, समोरच्या काचेवर आतून चिकट धुके बसते का, डॅशबोर्डखालचा गालिचा ओला लागतो का? उत्तर होकारार्थी असेल तर संशय हीटरच्या छोट्या रेडिएटरवर जातो. इंजिन पूर्ण तापल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो का, तेलाची डिपस्टिक (पातळी पाहण्याची पट्टी) किंवा तेलाच्या झाकणाची आतली बाजू दुधाळ झाली आहे का, इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात का? यांपैकी काही आढळले तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी असते आणि ती गाडी सुरूसुद्धा करू नये. कूलंट सिलिंडरमध्ये किंवा तेलात जात असेल तर तिथे फुंकर घालून भागणारे नसते.

पाणी ओतावेच का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की गाडी धोक्याच्या जागेवरून हलवण्यापुरते ओतावे, प्रवासासाठी नाही. तेही इंजिन थंड झाल्यावर, आणि शक्यतो डिस्टिल्ड वॉटर, कारण नळाच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी गेले तर धातूला तडा जाण्याची भीती असते. सहकाऱ्याच्या डिकीत ‘तोच रंग’ असलेली दुसऱ्या कूलंटची बाटली सापडली म्हणून ती ओतू नये, कारण रंग ही प्रमाणित खूण नाही. एकाच रंगाची दोन कूलंटे वेगळ्या रसायनांची असू शकतात, आणि विजोड मिश्रणाने गंजरोधक गुण कमी होतो, काही वेळा गाळही धरतो. कोणते कूलंट चालते ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. गळती बुजवणारी तयार पूड किंवा द्रव यांविषयी मला फारशी आस्था नाही, कारण जो पदार्थ भोक बुजवतो तो हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद वाटाही बुजवू शकतो आणि पुढे मेकॅनिकचे काम दुप्पट करतो. नळीला चिकटपट्टी गुंडाळण्याचेही तसेच आहे: ओल्या, तेलकट आणि फुगणाऱ्या रबरावर ती किती टिकणार?

आणखी एका बाबीकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही, ती म्हणजे खाली सांडलेले थारोळे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि त्यांच्या जिवावर बेतायला त्याचे अगदी थोडे प्रमाण पुरते. प्रौढ माणसासाठीही साधारण १०० मिलिलिटर इतके कमी प्रमाण प्राणघातक ठरू शकते. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी लक्षणे दिसतात, पुढे शरीरात त्याचे ऑक्झॅलेट होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत साचतात. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोगी पडतो. काही उत्पादक त्यात मुद्दाम कडू पदार्थ घालतात, पण सर्वच उत्पादनांत तो असेल असे गृहीत धरू नये. त्यामुळे गाडी निघून गेली म्हणून मदत संपली असे मानू नये. थारोळ्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे, गोळा करून बंद पिशवीत भरावे आणि मग जागा धुवावी. गटारात किंवा झाडांच्या आळ्यात ते लोटू नये. काढलेले कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे तर सर्वथा टाळावे.

विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिन नसले तरी बॅटरी आणि मोटर थंड ठेवण्यासाठी बहुतेकदा कूलंट असतेच, हेही जाता जाता नोंदवतो. तिथे मात्र बाहेरच्या माणसाने बॉनेटखाली हात घालू नये. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या विजेच्या असतात, आणि त्या गाडीला काय हवे ते कंपनीच्या प्रशिक्षित माणसालाच ठरवू द्यावे.

राहता राहिला प्रश्न गाडी तिथेच ठेवून घरी कसे जायचे हा. ‘घरापर्यंत जाईल’ या सल्ल्याचे मूळ माझ्या मते यंत्राच्या अज्ञानापेक्षा या अडचणीत अधिक आहे. सहकाऱ्याला मुलाला आणायचे असते, आजारी आईची औषधे न्यायची असतात, आणि गाडी सोडून जा म्हणणाऱ्या माणसावर पुढची सोय करण्याची जबाबदारी आपोआप येते. पाणी ओतून निर्वाळा दिला की ती जबाबदारी टळते. म्हणून खऱ्या मदतीचा मोठा भाग बॉनेटपासून दूरच आहे: त्याला आपल्या गाडीतून सोडणे, टोइंगवाला येईपर्यंत त्याच्यासोबत थांबणे, दुसऱ्या दिवशी त्याला उशीर होईल हे वरिष्ठांच्या कानावर घालणे. दुरुस्तीनंतर दोनचार दिवस इंजिन थंड असताना टाकीतील पातळी पाहण्याची आठवणही करून द्यावी, कारण नव्याने भरताना यंत्रणेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते निघून गेल्यावर पातळी एकदा खाली येते. ती पुन्हा पुन्हा खाली येत राहिली तर गाडी परत दाखवायला हवी.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून वाहनतळ असलेल्या सर्व आस्थापनांना एक विनंती करावीशी वाटते. सुरक्षारक्षकाच्या खोलीत एक टॉर्च, एक-दोन कोरे पुठ्ठे, रबरी हातमोजे, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि वाळूची पिशवी ठेवायला फारसा खर्च येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दिवसा फेरी मारताना एखाद्या गाडीखाली ओला डाग दिसला तर रक्षकाने तिचा क्रमांक टिपून मालकाला त्याच वेळी कळवावे, अशी लेखी सूचना त्याला द्यावी. दुपारी कळले तर इंजिन थंड असते, उजेड असतो, गॅरेज उघडे असते आणि घरी जाण्याची दुसरी सोय करायला हातात काही तास असतात.

आपला,
एक नियमित वाचक